ब्लॅस्फेमी, सॅक्रिलिज की डेसिक्रेशन? जिन्यातल्या देवांच्या टाइल्सवरून निघालेला इंग्रजीचा प्रश्न

तिसरा_मजला

मंडळी, प्रश्न इंग्रजीचा आहे, पण उगम जिन्यात आहे. दादरला आमची जुनी सोसायटी. पान खाऊन पिचकाऱ्या मारणाऱ्यांवर उपाय म्हणून कुठल्याशा जुन्या कमिटीने जिन्याच्या प्रत्येक वळणावर देवांच्या टाइल्स बसवल्या. गणपती, साईबाबा, मक्का-मदिना, क्रूस, गुरू नानक, सगळे एका ओळीत. आता रंगकाम निघालंय आणि टाइल्स ठेवायच्या की काढायच्या यावरून दोन तट पडलेत. एक तट म्हणतो, काढल्या की महिन्याभरात भिंत लाल. दुसरा म्हणतो, देवांना थुंकीच्या पहाऱ्यावर बसवलं हीच विटंबना.

नोटीस मराठी आणि इंग्रजी दोन्हीत लागते. मराठीत 'देवादिकांची विटंबना होऊ नये' असं लिहून भागलं. इंग्रजीत सेक्रेटरींनी लिहिलं, 'एनी ब्लॅस्फेमी ऑन द स्टेअरकेस विल बी फाइन्ड.' त्यावर चौथ्या मजल्यावरच्या तमिळ काकूंनी विचारलं, जिन्यात देवाला शिव्या कोण देतं? मी 'सॅक्रिलिज' सुचवला, खजिनदार 'डेसिक्रेशन'वर अडून बसलेत. इंग्रजी-मराठी कोशात तिन्हींपुढे थोड्याफार फरकाने तेच अर्थ दिलेत. जाणकारांनी सांगावं, नेमका फरक काय?

प्रूफाचा_कीडा

काकूंनी बरोबर पकडलं. ब्लॅस्फेमी ही जिभेची किंवा लेखणीची करणी. मूळ ग्रीक शब्दातच 'वाईट बोलणं' आहे. देवाबद्दल अभद्र बोललं, लिहिलं, चित्र काढलं तर ब्लॅस्फेमी. थुंकणंही तोंडानेच होतं हे खरं, पण त्यात वाक्य नसतं.

सॅक्रिलिज ही हाताची करणी. लॅटिनमध्ये याचा अर्थ फार रोखठोक होता: पवित्र वस्तूंची चोरी. देवळातला ऐवज लांबवणारा, तो या शब्दाचा पहिला मानकरी. पुढे अर्थ पसरला आणि पवित्र वस्तूशी, जागेशी किंवा व्यक्तीशी नको तसं वागणं एवढा मोठा झाला.

डेसिक्रेशन त्याच्या शेजारचं घर. पण तिथे वस्तूवर काहीतरी घडून गेलेलं असतं. ती फुटली, माखली, उकरली गेली, तिचं पावित्र्य गेलं. क्रियापद 'डेसिक्रेट' सकर्मक आहे आणि त्याचं कर्म म्हणजे देऊळ, कबर, मूर्ती, झेंडा. 'दे डेसिक्रेटेड द ग्रेव्ह' चालतं. 'दे डेसिक्रेटेड गॉड' चालत नाही, देवाला कोण भ्रष्ट करणार! सॅक्रिलिजला मात्र वापरातलं क्रियापदच नाही. 'ही सॅक्रिलिज्ड द टेंपल' असं एका अनुवादात वाचलं होतं, तेव्हा कपाळावर हात मारला. 'कमिट सॅक्रिलिज' असं करावं लागतं, आपण 'विटंबना करणे' म्हणतो तसंच. विशेषण 'सॅक्रिलिजस'. ते माणसापेक्षा कृत्याला जास्त शोभतं.

थट्टेत हे दोन्ही शब्द सर्रास येतात आणि तिथे फरक सगळ्यात छान कळतो. वडापावात मेयोनीज घालणं सॅक्रिलिज. 'वडापाव म्हणजे शेवटी बटाट्याचा बर्गरच की' असं म्हणणं ब्लॅस्फेमी.

बारा_डबा_फास्ट

आणि मेयोनीजवाला वडापाव खाऊन वर 'मस्त आहे' म्हणणारा?

प्रूफाचा_कीडा

त्याला दोन्ही कलमं.

फोर्टचा_वकील

कलमांचा विषय निघालाच आहे तर. आपल्या कायद्याने हे तिन्ही शब्द टाळलेत. १८६० च्या भारतीय दंड संहितेत धर्मासंबंधी गुन्ह्यांचं एक प्रकरणच होतं, २९५ ते २९८. तिथे ब्लॅस्फेमी नाही, सॅक्रिलिज नाही. २९५ मधली क्रियापदं आहेत 'डिस्ट्रॉय, डॅमेज ऑर डिफाइल'. तेही नुसतं केलं म्हणून गुन्हा होत नाही. एखाद्या वर्गाच्या धर्माचा अपमान करण्याचा हेतू हवा, नाहीतर लोक याला अपमान मानतील याची जाणीव तरी हवी. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तिच्यात हीच कलमं २९८ ते ३०२ मध्ये आहेत. क्रमांकांचा घोळ लक्षात ठेवा. जुनं २९८ म्हणजे धार्मिक भावना दुखावण्यासाठी मुद्दाम उच्चारलेले शब्द, नवं २९८ म्हणजे प्रार्थनास्थळाची नासधूस.

ज्याच्यावर वर्तमानपत्रं सगळ्यात जास्त रकाने भरतात ते २९५-अ मूळ संहितेत नव्हतं. १९२७ मध्ये लाहोरच्या 'रंगीला रसूल' या पैगंबरांवरच्या वादग्रस्त पुस्तिकेच्या प्रकरणानंतर ते घातलं गेलं. त्याची भाषा 'आउटरेज रिलिजस फीलिंग्ज' अशी आहे. देवाचा अपमान झाला का, हे कोर्ट विचारत नाही. माणसांच्या भावनांबद्दल विचारतं. इंग्लंडच्या जुन्या ब्लॅस्फेमीच्या गुन्ह्यात आणि आपल्या कायद्यात हा मूळ फरक आहे. तो गुन्हा फक्त ख्रिस्ती धर्माला, त्यातही मुख्यतः चर्च ऑफ इंग्लंडच्या शिकवणुकीला संरक्षण द्यायचा. इंग्लंड आणि वेल्समध्ये तो २००८ मध्ये रद्द झाला. सॅक्रिलिज हाही तिथे वेगळा गुन्हा होता. चर्च फोडून आत शिरून गुन्हा करणं असा त्याचा साधा अर्थ, म्हणजे कीडासाहेबांनी सांगितलेली लॅटिन चोरी कायद्यात अगदी शेवटपर्यंत टिकली होती. १९६८ च्या थेफ्ट ॲक्टने तो निकालात काढला.

आता तुमच्या टाइल्स. १९५३ मध्ये पेरियार ई. व्ही. रामसामी यांनी त्रिचीत भर सभेत मातीची गणेशमूर्ती फोडली. फिर्याद झाली. खालची कोर्टं म्हणाली, बाजारातली मातीची मूर्ती, तिची ना पूजा झाली ना प्रतिष्ठा, ही 'पवित्र मानलेली वस्तू' कशी? १९५८ मध्ये प्रकरण सुप्रीम कोर्टात पोचलं. कोर्टाने सांगितलं, इतका संकुचित अर्थ लावू नका. वस्तू कितीही क्षुल्लक असो, एखादा वर्ग तिला पवित्र मानत असेल तर ती कलमात बसते, प्रत्यक्ष पूजा झालेली असलीच पाहिजे असं नाही. मात्र प्रकरण जुनं झालं म्हणून ते पुन्हा उकरून काढलं नाही.

तेव्हा कारखान्यातून आलेली टाइलही 'ऑब्जेक्ट हेल्ड सेक्रेड' ठरू शकते. म्हणूनच नोटिशीत ब्लॅस्फेमी लिहू नका. पान खाऊन थुंकणारा गलिच्छ आहे, धर्मद्रोही नव्हे. शेजाऱ्यावर असला आरोप लेखी कशाला करायचा?

वसईवाली

आम्हाला हे शब्द लहानपणी धर्मशिक्षणाच्या वर्गात भेटतात, म्हणून थोडी भर.

मराठी बायबलात ब्लॅस्फेमीला 'दुर्भाषण' म्हटलंय. मत्तयच्या बाराव्या अध्यायात येतं, पवित्र आत्म्याविरुद्धच्या दुर्भाषणाची क्षमा नाही. शब्द ऐकल्याबरोबर कळतं की ही बोलण्याची गोष्ट. 'ईशनिंदा' वर्तमानपत्रात वाचते तेव्हा मला तो घडवलेला वाटतो, 'दुर्भाषण' तसा वाटत नाही. माझी सवयही असेल.

सॅक्रिलिज तीन प्रकारचं, व्यक्तीविरुद्ध, जागेविरुद्ध आणि वस्तूविरुद्ध. ही वाटणी संत थॉमस अक्वायनसची. कॅथलिक शिकवणीत सगळ्यात गंभीर सॅक्रिलिज म्हणजे ख्रिस्तशरीराचा अनादर. आता गंमत बघा. मनात मोठं पाप आहे, धर्मगुरूपुढे कबुली दिलेली नाही आणि तरी माणूस रांगेत उभा राहून कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तशरीर मानलेला प्रसाद, घेतो, तर तेही सॅक्रिलिज. काही फुटलं नाही, काही माखलं नाही, पाहणाऱ्याला काही कळलंसुद्धा नाही. तिथे 'डेसिक्रेशन' सहसा म्हणत नाहीत. कीडादादांचा 'घडून गेलेलं' हा मुद्दा मला त्यामुळे पटला.

चर्चच्या आत एखादं घोर कृत्य होऊन जागेचं पावित्र्य भंगलं, तर प्रायश्चित्ताचा विधी होईपर्यंत तिथे उपासना होत नाही, असा चर्चचा कायदा आहे. ते डेसिक्रेशन.

आणि 'प्रोफेन'ला विसरू नका. आज प्रोफॅनिटी म्हणजे नुसत्या शिव्या. मुळात 'प्रो फानो', देवळाच्या बाहेरचं. एखादं चर्च उपासनेसाठी वापरात राहिलं नाही, तर बिशप ते 'प्रोफेन बट नॉट सॉर्डिड' वापरासाठी मोकळं करू शकतात. म्हणजे लौकिक, पण हिणकस नव्हे. तिथे वाचनालय झालं तर तो प्रोफेन वापर आणि त्यात कुणाचाही अपमान नाही. हा अर्थ माहीत नसलेल्याने हे वाक्य वाचलं तर बिशप शिव्यांना परवानगी देतात असं वाटेल!

तिसरा_मजला

वा, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. वकीलसाहेबांचा सल्ला कमिटीला वाचून दाखवला. टाइल्स काढायच्या ठरल्या. इंग्रजी नोटीस आता अशी: 'टाइल्स बेअरिंग सेक्रेड इमेजेस विल बी रिमूव्ड विथ ड्यू रिस्पेक्ट बिफोर पेंटिंग. डू नॉट स्पिट ऑन द स्टेअरकेस.' ठीक आहे का?

प्रूफाचा_कीडा

उत्तम. फक्त 'विथ ड्यू रिस्पेक्ट'ऐवजी 'रिस्पेक्टफुली' करा. विथ ड्यू रिस्पेक्ट म्हटलं की इंग्रजी वाचणाऱ्याचा कान लगेच पुढच्या वादासाठी उभा राहतो.

बारा_डबा_फास्ट

काढलेल्या टाइल्सचं करणार काय? समुद्रात नका टाकू म्हणजे झालं. पुढच्या भरतीला दादर चौपाटीवर परत.

कॅप्शनवाला

हे वाचून माझा जुना छळ आठवला. मी एका इंग्रजी प्रकाशनासाठी फोटोओळी लिहितो. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी गिरगाव आणि जुहूचे फोटो येतात. पीओपीच्या मूर्ती, कुणाचा हात गेलेला, कुणाची सोंड, कावळे बसलेले. मराठी अंकात मथळा ठरलेला असतो, 'बाप्पाच्या मूर्तींची विटंबना'. इंग्रजीत 'डेसिक्रेशन ऑफ आयडल्स' लिहिलं की डेस्कवर कुणीतरी विचारतं, हे केलं कोणी? पोलीस तक्रार झाली का?

प्रूफाचा_कीडा

डेस्कचा प्रश्न रास्त आहे. डेसिक्रेशनला कर्ता लागतो. लाटांनी केलेलं डेसिक्रेशन नसतं. मराठीतली 'विटंबना' मात्र कर्त्याशिवायही होते. दैवाची, नशिबाची होते, परिस्थितीने होते. अवस्था आणि अपमान दोन्ही त्या एका शब्दात मावतात. इंग्रजीत ते वेगळे करावे लागतात.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. विसर्जनाआधी आपण उत्तरपूजा करतो. अक्षता वाहून मूर्ती जागची हलवतो आणि प्राणप्रतिष्ठेने आलेलं देवत्व निरोप घेतं. इंग्रजीत यालाही जवळचा शब्द आहे, 'डीकॉन्सिक्रेट'. विधीपूर्वक पावित्र्य उतरवणं. डेसिक्रेट आणि डीकॉन्सिक्रेट हे दोन शब्द कानाला जवळचे, पण एक विधीने होतं आणि दुसरं विधीला धाब्यावर बसवून. उत्तरपूजा झालेली मूर्ती काटेकोर अर्थाने डीकॉन्सिक्रेटेड. तिचं डेसिक्रेशन कसं होणार?

गिरगावकरीण

काटेकोर अर्थ घेऊन चौपाटीवर जा आणि त्या मुखवट्यावर पाय ठेवून दाखवा. उत्तरपूजा झाली म्हणून ठेवाल? आमच्या वाडीतली पोरं दुसऱ्या दिवशी पहाटे जाऊन तुकडे गोळा करतात. त्यातल्या एकालाही डीकॉन्सिक्रेट माहीत नाही, पण पाय कुठे पडतोय ते बरोबर कळतं.

प्रूफाचा_कीडा

नाही ठेवणार, ताई. शास्त्र संपल्यावरही आदर उरतो, आणि इंग्रजी शब्द त्याच फटीत अडखळतात. कॅप्शनवाले, मी असतो तर 'डेसिक्रेशन' सोडून 'इनडिग्निटी' घेतला असता, किंवा सरळ दिसतं ते लिहिलं असतं: 'ब्रोकन आयडल्स वॉश्ड अशोअर अ डे आफ्टर इमर्शन'. वाचणारा मराठी असेल तर त्याला पुढचं सांगावं लागत नाही.

फोर्टचा_वकील

कीडासाहेब, एक उपप्रश्न. झेंड्याबाबत अमेरिकन लोक बिनदिक्कत 'फ्लॅग डेसिक्रेशन' म्हणतात. १९८९ च्या टेक्सास विरुद्ध जॉन्सन खटल्यात मूळ आरोपच 'डेसिक्रेशन ऑफ अ व्हेनरेटेड ऑब्जेक्ट' हा होता. त्यांच्या झेंड्याची कुठे प्राणप्रतिष्ठा झालीय? आपल्या १९७१ च्या राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानविरोधी कायद्यात मात्र जाळणं, फाडणं, विद्रूप करणं, तुडवणं अशी साधी क्रियापदं रांगेने दिलीत. मला आपला मसुदा जास्त आवडतो. काय करायचं नाही ते तरी कळतं.

प्रूफाचा_कीडा

पवित्र 'केलेलं' आणि पवित्र 'मानलेलं' यातली रेघ इंग्रजीनेही पुसट होऊ दिलीय. १९५८ च्या निकालात आपल्या कोर्टाने केलं तेच. वापरात आलंय म्हणून चालतं, एवढंच म्हणेन.

परळची_वाचक

सगळी चर्चा वाचली. एक शब्द अजून कुणी काढला नाही तो मी काढते, 'विटाळ'. अनुवादात मी विटाळासाठी सॅक्रिलिज घातलेला पाहिलाय, आणि तिथे नुसता शब्द चुकत नाही, इतिहास उलटा होतो.

सॅक्रिलिज म्हणजे कुणीतरी गुन्हा केला. विटाळात कुणी काही केलेलंच नसतं, माणसाचं असणंच पुरतं. सोवळ्यातल्या आजीला नातवाचा हात लागला तर तिने अंघोळ केली, नातू पापी ठरला नाही. तोच विटाळ जातीवर बसवला की काय होतं ते महाडला दिसलं. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि हजारो लोक चवदार तळ्याचं पाणी प्यायले. त्यानंतर सनातनी मंडळींनी शेण-गोमूत्र ओतून तळ्याचं 'शुद्धीकरण' केलं. ते तळं देऊळ नव्हतं, तीर्थ नव्हतं. १९२३ च्या बोले ठरावाने मुंबई इलाख्यातले सार्वजनिक पाणवठे खुले केले होते आणि महाडच्या नगरपालिकेने तळं सर्वांना खुलं केल्याचा ठरावही केला होता. पुढे खटला चालला आणि १९३७ मध्ये मुंबई हायकोर्टानेही सनातन्यांचा दावा फेटाळला. आता याला इंग्रजीत 'डेसिक्रेशन ऑफ द टँक' लिहिलं तर अनुवादकाने नकळत फिर्यादीची बाजू घेतली. 'पोल्यूशन' लिहायचं, तेही अवतरणात, आणि ते कुणाचं मत आहे हे वाक्यात सांगायचं.

योगायोग म्हणजे वकीलसाहेबांचं २९५-अ सुद्धा १९२७ चंच. आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली गेली. जाळणाऱ्यांच्या लेखी तो ग्रंथ पवित्र नव्हताच. मग त्या कृत्याला सॅक्रिलिज म्हणणारा वाक्याच्या कुठल्या बाजूला उभा आहे?

फोर्टचा_वकील

मुद्दा मान्य. अशा ठिकाणी 'व्हॉट द ऑर्थोडॉक्स कॉल्ड…' असं लिहून शब्द त्यांच्या तोंडी ठेवावा.

आणखी एक उदाहरण, पंजाबचं. तिथल्या 'बेअदबी'ला इंग्रजी वर्तमानपत्रं 'सॅक्रिलिज' म्हणतात. २०१५ मध्ये बरगाडीला गुरू ग्रंथ साहिबची पानं फाडलेली सापडली, तेव्हापासून 'सॅक्रिलिज केस' हा शब्दप्रयोग बातम्यांत पक्का बसला. इथे तो चपखल आहे असं माझं मत. शीखांच्या लेखी ग्रंथ साहिब ही नुसती वस्तू नव्हे, गुरू आहे. सुप्रीम कोर्टानेही २००० मध्ये गुरू ग्रंथ साहिबला कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती मानलं. वसईवाल्या ताईंनी सांगितलेल्या तीन प्रकारांपैकी व्यक्ती आणि वस्तू हे दोन्ही तिथे एकत्र येतात. 'डेसिक्रेशन'मध्ये फक्त वस्तू येते.

वसईवाली

हे नव्हतं सुचलं. छान.

मास्तर_निवृत्त

उशिरा आलो. अर्थाचं सगळं झालंय, स्पेलिंगचं राहिलं. उत्तरपत्रिका तपासताना दहापैकी बरेच जण सॅक्रिलिजसमध्ये आख्खा 'रिलिजस' कोंबतात. तो शब्द रिलिजसपासून बनलेला नाही. 'सॅक्रि' म्हणजे पवित्र आणि पुढचा भाग लॅटिन 'गोळा करणे, उचलणे' या क्रियापदाचा, चोरीचा. रिलिजसमध्ये एल अक्षराच्या आधी ई आणि नंतर आय. सॅक्रिलिजसमध्ये बरोबर उलटं, आधी आय आणि नंतर ई. आधी 'सॅक्रिलिज' हे नाम लिहायचं, शेवटची ई काढायची आणि 'आयओयूएस' जोडायचं. चुकायला जागाच राहत नाही.

आणि 'सॅक्रोसँक्ट'ला या पंगतीत बसवू नका. तो अनादराचा शब्द नव्हे. 'द डेट इज नॉट सॅक्रोसँक्ट' म्हणजे तारीख बदलता येईल, तारखेची विटंबना झाली असं नव्हे. एका विद्यार्थ्याने 'ही सॅक्रोसँक्टेड द टेंपल' असं लिहिलं होतं.

बारा_डबा_फास्ट

मास्तर, उच्चार? 'लिजस' की 'लीजस'?

मास्तर_निवृत्त

आज सगळीकडे 'लिजस'च ऐकू येतं, रिलिजसच्या संगतीने. जुन्या कोशांत 'लीजस' पहिला दिलेला असे. दोन्ही चालतात. जोर पहिल्या 'सॅ'वर देऊ नका, तो 'सॅक्रिलिज' या नामात. विशेषणात 'लि'वर.